दारूला न शिवणाऱ्याच्या लिव्हरला सूज का येते?



मागच्या गळीत हंगामातली गोष्ट. तापीकाठचे आपले एक जुने सभासद मुतखड्याच्या दुखण्यासाठी जळगावला गेले. सोनोग्राफी झाली. खडा सापडला, तो पुढे पडलाही. पण रिपोर्टात खाली आणखी एक ओळ होती : फॅटी लिव्हर, ग्रेड २. गृहस्थ माळकरी. मुक्ताईची वारी कधी चुकलेली नाही, घरात अंडेसुद्धा शिजत नाही. गावात मात्र कुजबुज सुरू झाली की, लिव्हर खराब म्हणजे बुवा चोरून घेत असणार! ते गट ऑफिसात येऊन बसले आणि म्हणाले, “भाऊ, मी ते दारूले हात बी लावत नही. मंग हाई कसं व्हयनं?”

प्रश्न रास्त आहे, आणि डॉक्टर मंडळींनाही तो उशिराच पडला. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या युर्गेन लुडविग यांनी १९८० साली वीस रोग्यांची हकीकत छापली. यकृताचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरावा तर अट्टल दारुड्याचा वाटावा, आणि माणसे मात्र न पिणारी. या दुखण्याला तोवर नावही नव्हते. लुडविग यांनी दिलेल्या नावात ‘दारूविना’ असा शब्द होता. २०२३ साली जगभरच्या तज्ज्ञांनी नाव बदलून दारूचा उल्लेखच काढून टाकला आणि शरीराच्या चयापचयाशी त्याचा संबंध जोडला. आमच्या माळकरीबुवांना हे सांगितले तेव्हा त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांनी देशातले निरनिराळे अभ्यास एकत्र करून २०२२ साली हिशेब मांडला. शंभर प्रौढांत साधारण अडतीस जणांच्या यकृतात जास्तीची चरबी निघाली. या अभ्यासांत दवाखान्यात आलेली माणसेही होती, तेव्हा आकडा थोडा चढा असेल असे धरले तरी गोष्ट लहान नाही. त्याआधीच, फेब्रुवारी २०२१ मध्ये, केंद्र सरकारने मधुमेह-हृदयरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात या आजाराचा समावेश केला होता.

मात्र या अडतीस जणांतले बरेचसे जन्मभर ठणठणीत राहतात. काहींच्याच यकृताला सूज येते, त्यातल्या काहींचे यकृत पुढे आक्रसते. चरबी तीच, मग फरक कुठे पडतो? फरक पडतो तो पेशींनी एकमेकींना धाडलेल्या निरोपांत.

यकृताची पेशी हे एक गोदाम समजा. चरबी थेंबाच्या रूपाने नीट बंद होऊन पडली आहे तोवर ती फारशी उपद्रवी नाही. बारदानात भरून थप्पीला लावलेल्या साखरेसारखी. त्रास होतो तो पोत्यात न मावलेल्या मालाचा. सुटी स्निग्धाम्ले आणि त्यांच्यापासून होणारे काही पदार्थ पेशीच्या भट्ट्यांवर ताण आणतात. भट्टीत जळण कोंबले की धूर होतो, तसेच इथेही अर्धवट ज्वलनाचे दाहक कण तयार होतात. पेशी फुगते, काही पेशी मरतात, आणि त्यांच्या पोटातले तुकडे बाहेर सांडतात. शेजारच्या पेशींना हाच धोक्याचा भोंगा.

निरोप कसा फिरतो हे आपल्याला वेगळे सांगायला नको. शेतकी अधिकारी स्वतः कोयता घेऊन फडात उतरत नाहीत. गट ऑफिसातून तोडणीची चिठ्ठी निघते, चिटबॉय ती मुकादमाला देतो, मुकादम टोळी हलवतो. पेशीचा कारभारही असाच. बाहेरून आलेला निरोप्या रेणू बहुतेक वेळा आत येतच नाही. पेशीच्या भिंतीवर ‘ग्राही’ नावाची प्रथिने असतात, त्यांवर तो येऊन बसतो. मग आतली प्रथिने एकामागून एक जागी होतात. एक दुसऱ्यावर फॉस्फेटचा शिक्का मारते, दुसरे तिसऱ्यावर, असे करत हुकूम केंद्रकातल्या जनुकांपर्यंत पोचतो.

या साखळीत एनएफ-कप्पा-बी नावाचे एक प्रथिन आहे. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८६ साली अमेरिकेत त्याचा शोध लावला. (सेन हे मूळचे आपल्याकडचे.) हे प्रथिन पेशीत कायम हजर असते, पण दाव्याने बांधलेल्या बैलासारखे. दावे म्हणजे दुसरे एक प्रथिन. धोक्याचा निरोप आला की त्या दाव्यावर शिक्का पडतो, पेशी ते दावे स्वतःच मोडून टाकते, आणि सुटलेला बैल थेट केंद्रकात शिरतो. तिथे तो टीएनएफ, इंटरल्यूकिन अशा दाहक रेणूंची जनुके चालू करतो. ते रेणू बाहेर पडतात आणि आणखी पेशींना जागे करतात. काही रेणूंचे काम तर रक्तातल्या पांढऱ्या पेशींना यकृताकडे बोलावून घेण्याचेच. जखम झाली, जंतू शिरले, तर हीच धावपळ आपला जीव वाचवते. काम झाले की बैल पुन्हा दाव्याला बांधला जातो. चरबीने भरलेल्या यकृतात मात्र काम कधी संपतच नाही. भोंगा वाजतच राहतो.

हा भोंगा सगळ्यात आधी ऐकतात यकृतातल्या कुफर पेशी. गावाला जसा जागल्या, तशा या यकृताला. आतड्यातले रक्त हृदयाकडे जाण्याआधी यकृतातून गाळून जाते. त्याबरोबर आतड्यातल्या जंतूंच्या कवचाचे तुकडेही थोडेफार येतात, आणि जागल्या ते गुपचूप उचलतो. आहार बिघडला, आतड्याचे अस्तर ढिले पडले, की तुकडे वाढतात. ते ओळखणाऱ्या ग्राहीचे नाव ‘टोल’. आपल्या धुळ्याच्या हायवेवरच्या टोलनाक्याशी त्याचा संबंध नाही. फळमाशीवर काम करणाऱ्या जर्मन शास्त्रज्ञांच्या उद्गारातून ते नाव पडले. माशीमधला टोल तिला बुरशीपासून वाचवतो हे ज्यूल हॉफमन यांनी १९९६ साली दाखवले. तसाच ग्राही सस्तन प्राण्यांत जंतूंचे कवच ओळखतो हे ब्रूस ब्यूटलर यांनी १९९८ साली दाखवले. दोघांनाही २०११ साली नोबेल मिळाले. म्हणजे जागल्याला दोन्ही बाजूंनी हाका येतात, एक आतड्याकडून आणि एक चरबीने गांजलेल्या पेशींकडून.

आता खरी ग्यानबाची मेख. टीएनएफसारखे रेणू जी शिक्क्यांची साखळी चालू करतात, तीच इन्सुलिनच्या निरोपात खोडा घालते. इन्सुलिन पोटावरच्या चरबीला सांगत असते, “थांब, सध्या माल सोडू नकोस.” निरोप नीट पोचला नाही की पोटावरची चरबी रात्रंदिवस सुटत राहते, आणि सुटलेला माल येतो यकृतात. अमेरिकेत २००५ साली झालेल्या एका मोजणीत अशा रोग्यांच्या यकृतातली सुमारे ५९ टक्के चरबी अंगावरच्या चरबीतून आलेली होती, २६ टक्के यकृताने स्वतः तयार केलेली आणि १५ टक्के थेट खाण्यातली. चरबीमुळे दाह, दाहामुळे आणखी चरबी, असे हे रहाट फिरत राहते. मधुमेह आणि हे दुखणे बहुधा जोडीने येतात ते यामुळेच.

दाह वर्षानुवर्षे चालला की ताराकृती पेशी जाग्या होतात. एरवी त्या अ जीवनसत्त्व सांभाळत शांत असतात. त्यांना टीजीएफ-बीटाचा निरोप मिळाला, की त्या तंतू विणू लागतात. आधी मऊ असलेले यकृत जून होत जाते. शेवटच्या पायरीला सिरॉसिस म्हणतात.

साखर कारखान्याच्या पत्रिकेत पुढचे लिहावे की नाही, यावर आम्ही बराच विचार केला. लिहायचेच ठरवले, कारण झाकून ठेवले तर नुकसान सभासदाच्याच घरात होणार आहे. यकृत जी २६ टक्के चरबी स्वतः बनवते, तिच्यात साखरेचा हात आहे. आपली साखर म्हणजे अर्धे ग्लुकोज, अर्धे फ्रुक्टोज. ग्लुकोज शरीरातल्या सगळ्या पेशी वापरतात, आणि पेशीत पुरेशी शक्ती असली की त्याची वाट रोखणारा एक वजनकाटा वाटेवर असतो. फ्रुक्टोजचा मोठा भाग यकृतातच येतो आणि काट्याला वळसा घालून सरळ गव्हाणीत पडतो. यार्डात कितीही गर्दी असो, त्याचा नंबर थांबत नाही. जादा माल झाला की त्याची चरबी होते. गूळ खाल्ला तर चालतो, अशी समजूत आहे. चव वेगळी, रंग वेगळा, थोडी खनिजे जास्त. पण त्यातलाही बहुतेक भाग हीच साखर असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की, वरून घातलेली साखर एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावी. दोन हजार उष्मांक घेणाऱ्याला ती दिवसाला पन्नास ग्रॅम होते. निम्मी केली तर उत्तम. आता आपला हिशेब. बांधावर, ऑफिसात, पाहुण्याकडे मिळून आठ कप चहा, कपाला दोन चमचे, चमचा पाच ग्रॅमचा. ऐंशी ग्रॅम तर इथेच झाले. रसवंतीतला पाव लिटर रस प्याला तर आणखी तीस ग्रॅमच्या आसपास.

तरी सगळा दोष साखरेच्या पोत्यावर ढकलणे अन्यायाचे होईल. ऊसतोड मजूर गोड चहा पितो आणि दिवसभर कोयता चालवून तो जाळतो. आपले काय? ठिबक आले, मोटार मोबाइलवरून चालू होते, शेतात मोटारसायकल थेट बांधापर्यंत जाते. वरण-बट्टीवर तूप मात्र आजोबांच्याच मापाने! आजोबा मोटेमागे चालत होते हे आपण विसरतो.

आणि अंगाने बारीक असणाऱ्यांनी गाफील राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या मातांचा आणि बाळांचा अभ्यास चालवला. आपली बाळे इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी, पण त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने राखलेली, असे त्यांना दिसले. २००४ साली त्यांनी व लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९ टक्के, याज्ञिकांच्या २१ टक्के. सदरा ढगळ आहे म्हणजे यकृत मोकळे आहे असे नव्हे. कमरेचे माप घ्या.

भोंगा बंद होतो का? होतो, आणि याचा चांगला पुरावा आला तो क्यूबातून, म्हणजे आपल्यासारख्याच उसाच्या मुलखातून. तिथल्या डॉक्टरांनी सूज आलेल्या २९३ रोग्यांना वर्षभर खाणे आणि चालणे सुधारायला लावले आणि २०१५ साली निकाल छापला. ज्यांचे वजन दहा टक्के किंवा जास्त उतरले, त्यांच्यातल्या नव्वद टक्क्यांची सूज गेली, आणि पंचेचाळीस टक्क्यांचे तंतूदेखील मागे हटले. सात टक्के उतरले तरी बऱ्याच जणांना गुण आला. पण दहा टक्के उतरवणे जमले ते दहांतल्या एकालाच, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेत २०२४ आणि २०२५ साली या दुखण्यावर एकेक औषध मंजूर झाले. तंतू बऱ्यापैकी वाढलेल्यांसाठी ती आहेत. बाजारातल्या लिव्हर टॉनिकच्या बाटल्यांचा मात्र फारसा भरवसा धरू नये.

सोनोग्राफी चरबी दाखवते, सूज दाखवत नाही. एसजीपीटी नॉर्मल आले तरी निर्धास्त होता येत नाही. एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट हे तीन आकडे आणि तुमचे वय यांवरून डॉक्टर दोन मिनिटांत तंतूंचा अंदाज काढतात. त्याला फिब-४ म्हणतात. अंदाज वाईट निघाला तर पुढची तपासणी करावी लागते. धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जळगावच्या शासकीय महाविद्यालयात रिपोर्ट घेऊन जा, आणि आकडा विचारून घ्या. मधुमेह असेल त्यांनी तर जरूर.

आमचे माळकरीबुवा आता पहाटे काकड्यानंतर पाटाच्या कडेने तासभर चालतात. चहा दोन वेळा, अर्धा कप. दिवाळीला सभासदांची सवलतीची साखर त्यांनी रांगेत उभे राहून घेतली; हक्काची आहे, सोडायची कशाला, म्हणाले. वजन चौऱ्याऐंशीवरून अठ्ठ्याहत्तरवर आले आहे. रक्ताची तपासणी पुढच्या महिन्यात आहे.