‘दौलत’ आणि ‘खासगी’ : नागपूरकर भोसल्यांच्या वारसावादाचा अर्थविचार

वारसावाद हा वरवर पाहता मालमत्तेचा तंटा असतो. त्याचा निवाडा मात्र पुष्कळदा शब्दांच्या अर्थावर अवलंबून राहतो. ‘वारस’ कोण आणि ‘मालमत्ता’ कशाला म्हणावे, हे ठरल्याखेरीज मृताच्या संपत्तीची व्यवस्था लागत नाही. रायपूर ज्या नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात मोडत होते, त्यांच्या इतिहासात या प्रश्नांची तीन उत्तरे आढळतात.

पहिले उत्तर वाटणीचे. पहिले रघूजी १७५५ मध्ये निवर्तल्यावर जानोजी व मुधोजी यांच्यात कलह झाला. पेशव्यांच्या मध्यस्थीने सेनासाहेबसुभा हे पद जानोजींकडे राहिले. मुधोजींना चांदा आणि बिंबाजींना छत्तीसगड मिळाले. दुसरे उत्तर शस्त्राचे. जानोजींनी मुधोजींचा पुत्र रघूजी यास वारस नेमले होते. जानोजींच्या मृत्यूनंतर साबाजींनी हक्क सांगितला आणि १७७५ मध्ये पाचगावच्या लढाईत ते मारले गेले.

तिसरे उत्तर अर्थनिर्णयाचे, आणि अभ्यासकाच्या दृष्टीने तेच अधिक महत्त्वाचे. तिसरे रघूजी ११ डिसेंबर १८५३ रोजी निपुत्रिक वारले. राजघराण्याने यशवंतराव अहीरराव यांना दत्तक म्हणून पुढे केले. पतीच्या अनुमतीवाचून स्त्रीने पुत्र देऊ वा घेऊ नये, अशा आशयाचे वसिष्ठाचे वचन आहे. मिथिलेत त्यावरून विधवेला दत्तक घेण्याचा अधिकारच नाकारला गेला. बंगालमध्ये पतीने हयातीत दिलेली अनुमती ग्राह्य ठरली. द्रविड देशी सपिंडांची संमती पुरेशी मानली गेली. नीलकंठभट्टांच्या ‘व्यवहारमयूखा’ला अनुसरणाऱ्या महाराष्ट्रात मात्र हा निर्बंध सधवेपुरताच आहे, असा अर्थ रूढ झाला. वचन एकच, पण प्रांत बदलला की विधवेचा अधिकार बदलत असे. हा भेद १९५६ च्या दत्तकविधानविषयक कायद्याने संपुष्टात आणला.

डलहौसीने वादाचा रोख दुसऱ्या शब्दाकडे वळवला. दत्तक पुत्र खासगी संपत्तीचा वारस होऊ शकतो. राज्याच्या वारशाला मात्र सार्वभौम सत्तेची मान्यता हवी, ही त्याची भूमिका होती. कौन्सिलमध्ये कर्नल लो यांनी विरोध नोंदवला, तरी १८५४ मध्ये राज्य खालसा झाले आणि रायपूरसह छत्तीसगड कंपनीकडे गेले.

मराठीत ‘दौलत’ म्हणजे राज्यही आणि संपत्तीही. तेव्हा मराठी भाषेला हा भेद ठाऊकच नव्हता, असे कोणी म्हणेल. पण ते खरे नव्हे. ‘खासगी’ हा शब्द मराठी राजदरबारांत रुळलेला होता, आणि होळकरांच्या राज्यात दौलत व खासगी यांचे हिशेबही निराळे ठेवले जात. नागपुरात हा भेद मांडणाऱ्यांनीच तो पाळला नाही. वाड्यातील जडजवाहीरही राज्याच्या मालमत्तेत धरले गेले. हत्ती-घोड्यांचा नागपुरात लिलाव झाला, जवाहीर विक्रीसाठी कलकत्त्यास गेले, आणि त्या रकमेतून राजकुटुंबाच्या निर्वाहाचा निधी उभारण्यात आला. दुसऱ्या रघूजींच्या विधवा बाकाबाई यांचा विरोध निष्फळ ठरला.

१८५७ नंतर यशवंतराव हेच ‘जानोजी’ या नावाने, देऊरचे राजाबहादूर म्हणून, सरकारमान्य वारस झाले. आधी निरुपयोगी ठरलेले दत्तकविधान राज्य हातचे गेल्यावर मान्य करण्यात कोणतीच अडचण उरली नव्हती. या प्रकरणाचे मराठी व इंग्रजी कागद समोरासमोर ठेवून वाचताना म्हणूनच केवळ प्रतिशब्द जुळवून भागत नाही. कोणत्या शब्दाचा कोणता अर्थ कोणाच्या अधिकाराने चालला, हेही पाहावे लागते.