सेनुआच्या डोक्यातले आवाज

‘हेलब्लेड : सेनुआज सॅक्रिफाइस’ हा केंब्रिजच्या ‘निंजा थिअरी’ या स्टुडिओचा गेम ऑगस्ट २०१७मध्ये प्लेस्टेशन ४ आणि पीसीसाठी आला. सेनुआ ही ऑर्कनी बेटांवरची पिक्ट लोकांमधली योद्धा तरुणी. वायकिंगांनी तिच्या प्रियकराचा, डिलियनचा, बळी दिला आहे. त्याचे शिर कमरेच्या थैलीत घेऊन ती नॉर्स पुराणांतल्या मृतांच्या लोकात, हेल्हाइममध्ये, त्याचा आत्मा सोडवायला निघते. इतरांना ऐकू न येणारे आवाज तिला ऐकू येतात, नसलेली दृश्ये दिसतात. आजचे वैद्यक याला सायकोसिस म्हणते. तिचा बाप याला शाप मानत होता.

गेममधली भीती मुख्यतः कानांवाटे आत शिरते. डावीकडून आलेला आवाज डाव्या कानाला किंचित आधी आणि किंचित मोठा ऐकू येतो, शिवाय कानाच्या पाळीच्या आकारामुळे त्याचा पोत बदलतो. एवढ्यावरून मेंदू दिशा ओळखतो. बायनॉरल ध्वनिमुद्रणात माणसाच्या डोक्याच्या आकाराचा, कानांच्या जागी मायक्रोफोन बसवलेला साचा वापरतात. अभिनेत्री या साच्याभोवती फिरत, कधी अगदी जवळ येऊन कुजबुजत बोलल्या. त्यामुळे हेडफोन लावलेल्या खेळाडूला एक आवाज मानेमागून सरकताना जाणवतो, तर दुसरा थेट कानाशी येतो. एक धीर देतो, एक हिणवतो, एक परत फिरायला सांगतो. त्यांचे आपसांतही पटत नाही.

स्क्रीनवर मात्र जवळजवळ काहीच नाही. जीव किती उरला ते दाखवणारी पट्टी नाही, नकाशा नाही, कोणते बटण दाबायचे याच्या सूचना नाहीत. लढाईत पाठीमागून वार होणार असेल तर सावध करतात ते हेच आवाज. जे छळतात त्यांच्यावरच जगण्यासाठी विसंबावे लागते, आणि सेनुआचे दुखणे खेळाडूला कळते ते या सक्तीतून. लांबलचक संवादांनी हे साधले नसते. एका टप्प्यात तर तिची दृष्टीच जाते. धूसर काळोखात आवाज आणि हातातल्या कंट्रोलरची थरथर यांवरून वाट काढावी लागते.

हे चित्रण ऐकीव कल्पनांवर बेतलेले नाही. केंब्रिज विद्यापीठातले मनोविकारतज्ज्ञ पॉल फ्लेचर निर्मितीत सल्लागार होते, वेलकम ट्रस्टचे साहाय्य होते आणि सायकोसिस स्वतः अनुभवलेल्या लोकांशी सविस्तर बोलणे झाले. असंबद्ध गोष्टींत अर्थ आणि आकृत्या दिसणे हा त्यांच्या अनुभवाचा भाग कोड्यांत उतरला आहे. दाराचे कुलूप उघडण्यासाठी रून लिपीतल्या अक्षराचा आकार फांद्यांत, सावल्यांत, मोडक्या वाशांत शोधायचा असतो. ही कोडी पुढे पुढे रेंगाळतात, हा गेमचा खरा दोष. तरीही काही वेळाने खेळाडू कोड्याबाहेरही प्रत्येक काटकीत अक्षर शोधू लागतो, हे त्यांचे यश मानावे लागेल.

सुरुवातीलाच बजावले जाते, की प्रत्येक मृत्यूबरोबर सेनुआच्या हातावरची काळी कीड वर चढेल आणि ती डोक्यापर्यंत पोचली की झालेली सगळी प्रगती पुसली जाईल. प्रत्यक्षात तसे होत नाही. ही फसवणूक काहींना रुचली नाही, पण ती कथेला धरून आहे: कोणती भीती खरी, हे सेनुआलाही कळत नसते.

सेनुआची भूमिका मेलिना युर्गेन्स यांची. त्या स्टुडिओत व्हिडिओ संपादक होत्या, अभिनयाचा अनुभव नव्हता. चेहरा आणि हालचाली टिपणाऱ्या यंत्रणेच्या चाचण्यांसाठी त्यांना उभे केले गेले आणि पुढे भूमिकाच त्यांच्याकडे आली. २०१८मध्ये बाफ्टाने गेमला पाच पुरस्कार दिले. त्यांत युर्गेन्स यांच्या अभिनयाचा आणि ध्वनीचा पुरस्कार होता. २०२४च्या ‘हेलब्लेड २’मध्येही युर्गेन्स आणि बायनॉरल आवाज दोन्ही कायम आहेत. दोन्ही गेम हेडफोन लावूनच खेळावेत. साध्या स्पीकरवर आवाजांच्या दिशा विरतात आणि उरते ती चांगल्या चित्रांची तलवारबाजी.