नामंजूर म्हणजे हुकूम नव्हे

माझं अक्षर बरं आहे आणि मी कविता करतो, एवढ्या भांडवलावर गल्लीतले लोक माझ्याकडून अर्ज लिहून घेतात. एका संध्याकाळी शेजारचे नाईकसाहेब आले. नाईक हे त्यांचं आडनाव नव्हे, फौजेतला हुद्दा. तोफखान्यात सतरा वर्षं काढून सोलापुरात परतलेले. हातात पत्र्याचा डबा, डब्यात घडी घातलेलं इंग्रजी पत्र. ऐकू कमी येतं म्हणून मागितलेली अपंगत्व पेन्शन नामंजूर झाली होती. पत्र पंधरा वर्षांपूर्वीचं होतं.

"इतकी वर्षं गप्प का बसलात?" मी त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं.

"वरून नाही आलं. मग आपण काय बोलणार?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. फौजेनं त्यांना हुकूम मानायला शिकवलं होतं आणि नकार आला तोही त्यांनी हुकूमच समजला.

हे काम अडतं कुठं, ते समजून घेऊ. जवान फौजेतून बाहेर पडताना वैद्यकीय मंडळ त्याला तपासतं आणि दोन गोष्टी लिहितं. अपंगत्व किती टक्के, आणि ते नोकरीमुळे आलं किंवा नोकरीत वाढलं का? टक्केवारी २० किंवा त्याहून जास्त आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल, तर पेन्शनीत अपंगत्वाचा वेगळा भाग मिळतो. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले. मी बोलतोय ते त्याआधी बाहेर पडलेल्यांबद्दल.

घोडं पेंड खातं ते दुसऱ्या प्रश्नापाशी. गोळीची जखम दिसते. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात त्यांनी भारताला पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. ती जखम कुठून आली, हे कुणाला सांगावं लागत नाही. पण कान बधिर होतात, रक्तदाब वाढतो, फिट येते, त्यावर रणांगणाचा शिक्का नसतो. मग शेरा पडतो, 'नोकरीशी संबंध नाही.'

धरमवीर सिंग नावाच्या जवानाचं असंच झालं. १९८५ ची भरती. १९९४ मध्ये फिट येतात म्हणून घरी पाठवलं. अपंगत्व २० टक्के, पण नोकरीशी संबंध नाही! २ जुलै २०१३ रोजी सुप्रीम कोर्टानं त्यांना न्याय दिला. कोर्ट म्हणालं, भरतीच्या वेळी दुखण्याची नोंद नसेल तर माणूस धडधाकट आला असंच धरायचं. पुढं जडलेलं दुखणं नोकरीमुळे नाही, हे सरकारनं दाखवायचं. शंकेचा फायदा जवानाला. निकाल सोन्यासारखा, पण तोवर १९ वर्षं उलटली होती.

उशिराची किंमत पैशातही मोजावी लागते. तरसेम सिंग १९८३ मध्ये आजारपणामुळे बाहेर पडले आणि १९९९ मध्ये कोर्टात गेले. हक्क मिळाला, पण २००८ मध्ये सुप्रीम कोर्टानं थकबाकी अर्जाआधीच्या तीनेक वर्षांपुरतीच ठेवली. आधीची वर्षं बुडाली.

रक्कमही माहीत हवी. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराचे ३० टक्के, म्हणजे २० टक्क्यांना ६ टक्के. १९९६ पासून ५० च्या आतलं अपंगत्व ५० धरायची सवलत आली. दहा हजार पगाराला सहाशेचे दीड हजार होतात. आधी ही सवलत दुखण्यामुळे मुदतीपूर्वी घरी पाठवलेल्यांनाच होती. १० डिसेंबर २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं ती मुदत पुरी केलेल्यांनाही मिळाली.

नकार आला तर अपील करता येतं. तिथं जमलं नाही तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. त्याचा कायदा २००७ चा, काम सुरू झालं २००९ मध्ये. एक खंडपीठ मुंबईत आहे. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री निघालं की सकाळी मुंबई. त्याआधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन कागद दाखवावेत. नावं तपासून घ्यावीत. एका कागदावर हुसेन, दुसऱ्यावर हुसैन. इकडे ज्ञानदेव, तिकडे ज्ञानेश्वर. आपल्याला माणूस एकच दिसतो, कारकुनाला दोन दिसतात आणि फाईल परत येते. वैद्यकीय मंडळाच्या अहवालाची प्रत मात्र जिवापाड जपावी.

तुमच्या गल्लीतही असा एखादा डबा असेल. तो उघडायला लावा.

नाईकसाहेबांचं अपील मी लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. सही करण्याआधी त्यांनी हात वर केला.

"शेवटचं पुन्हा वाचा. नीट ऐकू आलं नाही."