नळीत दडलेली धास्ती

सिद्धगडाच्या रानात २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. तिथल्या स्मारकापाशी मला नेहमी प्रश्न पडे: एवढी शस्त्रसज्ज सत्ता मनातून कशाला भीत होती? उत्तर बंदुकीच्या नळीत सापडले.

लष्कराची रायफल ३०३ ची, म्हणजे नळीचा व्यास इंचाचा ३०३ हजारांश. लष्करी काडतूस चोरून खासगी बंदुकीत भरता येऊ नये, म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी सरकारने हिंदुस्थानात खासगी परवान्यावर हा व्यासच बंद केला. विलायती कारखानदारांनी वाट काढली. बोल्ट तोच, दस्ता तोच. नळी मात्र ३१५ ची, ऑस्ट्रियाच्या मॅनलिखर काडतुसासाठी. शिकाऱ्याला बंदूक मिळाली, सरकारही निर्धास्त झाले.

दुसरी तऱ्हा खुद्द पोलिसांसाठी. बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात ३०३ च्या नळीतील पिळदार खाचा काढून ती ४१० ची, आतून गुळगुळीत केली. काडतुसांच्या खणात लाकडी ठोकळा बसवला. एका वेळी एकच बार, पल्ला तोकडा. १८५७ चा धडा होता तो: शिपाई उद्या उलटला, तरी लष्कर वरचढ राहावे.

स्वातंत्र्यानंतरही ३०३ निषिद्धच राहिली, आणि ३१५ सरकारी कारखान्यात बनू लागली. पिकाच्या राखणीसाठी शेतकरी ३१५ चा परवाना मागतो, तेव्हा त्या आकड्यात परक्या राज्यकर्त्यांची धास्ती आजही जशीच्या तशी असते.