कोळ्याचे डोळे आणि सेन्सरचं माप

कीटकांचे, फुलांचे जवळून फोटो काढायचं मनावर घेतलं की दुकानात पहिला प्रश्न येतो: फुल फ्रेम की क्रॉप सेन्सर? किमतीतला फरक लाखाच्या घरात जाऊ शकतो, म्हणून लोक यावर महिनोन्महिने खल करतात. माझ्या मते यादीतला हा शेवटचा प्रश्न असायला हवा.

फुल फ्रेम म्हणजे जुन्या फिल्मच्या मापाचा, ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर. क्रॉप साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा, कॅननचा थोडा लहान. मॅक्रो लेन्सवर १:१ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ वस्तूची प्रतिमा सेन्सरवर वस्तूएवढीच पडते. ६ मिलिमीटरचा उडी मारणारा कोळी घ्या. त्याची प्रतिमा दोन्ही सेन्सरवर ६ मिलिमीटरचीच. मोठ्या ताटात वाढली म्हणून पुरणपोळी मोठी होत नाही, आणि लहान ताटातही नाही. ‘क्रॉपवर १०० मिलिमीटरची लेन्स १५० ची होते’ असं दुकानदार सांगतो तेव्हा लेन्स आहे तीच असते. फक्त कडेचा भाग कापला जातो.

खरा फरक पडतो तो त्या ६ मिलिमीटरमध्ये किती पिक्सेल बसतात याचा. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर कोळ्याच्या वाट्याला सुमारे १००० पिक्सेल येतात, तेवढ्याच मेगापिक्सेलच्या क्रॉपवर सुमारे १५००. म्हणजे स्वस्त कॅमेरा इथे पुढे. ६१ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम ही कसर भरून काढतो, पण खिसा रिकामा करून.

आता यातली गोम. जवळून फोटो काढताना कोळ्याचे डोळे स्पष्ट आले तर पाय धूसर होतात. क्रॉपवर १:१ ला लेन्सचं छिद्र एफ/११ ठेवलं तरी जेमतेम मिलिमीटरभर खोली स्पष्ट येते. खोली वाढवायला छिद्र लहान करावं, तर प्रकाश लाटेसारखा वागून पसरतो. याला विवर्तन म्हणतात. त्यात १:१ ला लेन्स सेन्सरपासून दूर सरकलेली असल्यामुळे एफ/११ हे प्रत्यक्षात एफ/२२ सारखं वागतं. तेव्हा प्रकाशाचा एकेक ठिपका सुमारे ३० मायक्रॉनचा होतो आणि क्रॉपचा पिक्सेल असतो जेमतेम ४ मायक्रॉनचा. मघाशी मोजलेल्या १५०० पिक्सेलपैकी बरेच मग नुसतेच जागा अडवून बसतात.

‘क्रॉपला खोली जास्त मिळते’ हे वाक्यही अर्धंच खरं आहे. कोळ्याच्या एका बिंदूपासून निघालेला प्रकाशाचा शंकू लेन्समध्ये किती रुंद शिरतो, यावर स्पष्टतेची खोली ठरते आणि विवर्तनही त्याच शंकूवर ठरतं. मागे सेन्सर कोणता बसलाय याचा त्या शंकूला पत्ताच नसतो. दोन्ही कॅमेऱ्यांतून कोळी फोटोत सारखाच मोठा घेतला आणि खोली सारखी ठेवली, की धूसरपणाही सारखाच येतो. यातून वाट एकच: छिद्र एफ/५.६ च्या आसपास ठेवायचं, फोकस कणाकणाने सरकवत बरेच फोटो घ्यायचे आणि संगणकावर एकत्र करायचे. याला फोकस स्टॅकिंग म्हणतात. मेलेला भुंगा यासाठी आदर्श; जिवंत कोळी सहसा सहकार्य करत नाही.

मग फुल फ्रेम कुणासाठी? पावसाळी अंधूक उजेडात, फ्लॅश न वापरता, कासच्या पठारावर सीतेची आसवं ही फुलं आणि मागचं धुकं एकाच चौकटीत हवं असेल, तर मोठा सेन्सर जास्त प्रकाश गोळा करतो आणि फोटोत दाणे कमी येतात. कीटकांना मात्र बहुतेकदा फ्लॅश लागतोच, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) खाली राहतो आणि हा फायदा जवळपास संपतो.

म्हणून माझा कौल असा: कीटकांसाठी वापरलेली का होईना, पण क्रॉप बॉडी घ्या. उरलेले पैसे ९० ते १०५ मिलिमीटरच्या चांगल्या मॅक्रो लेन्सवर आणि फ्लॅशवर घाला. फ्लॅशचा उजेड मऊ करणारा डिफ्यूझर पांढऱ्या पातळ फोमचा घरीच बनतो. आणि कासला गेलात, तर एका फुलाचा फोटो काढायला आडवं होण्याआधी आपण कोणत्या दहा फुलांवर झोपतोय ते पाहा.