इंजिनचे ऑइल : पर्याय कोणता खरा, कोणता खोटा?

जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात एका लेनचे 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झाले आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. ज्या खनिज तेलापासून हे डांबर मिळते, त्याच्याच जड भागापासून आपल्या गाडीचे नेहमीचे इंजिन ऑइलही तयार होते. मग या ऑइलला दुसरा पर्याय आहे काय? टॅक्सी-टेम्पोवर ज्यांचे घर चालते, त्यांच्यासाठी हा प्रश्न शौकाचा नसून रोजीचा आहे.

वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. येथे सरकीचे तेल मुबलक, म्हणून साहजिकच कुणाला वाटेल की तेच इंजिनात का चालू नये? चालणार नाही. इंजिनच्या उष्णतेत हवेशी संयोग होऊन सरकीचे तेल घट्ट व चिकट बनते आणि ऑइलच्या बारीक वाटा बुजवते. जवसाचे तेल तर त्याहून लवकर वाळते. म्हणूनच ते रंगात वापरतात.

एरंडेलाची गोष्ट थोडी निराळी. ते दाट असते व पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही. त्यामुळे पहिल्या महायुद्धातील विमानांच्या फिरत्या इंजिनांत ते वापरले गेले. ‘कॅस्ट्रॉल’ हे नावही एरंडेलाच्या ‘कॅस्टर’ या इंग्रजी नावावरूनच पडले. पण एरंडेलाचाही चिकटा साचतो आणि इंजिन वरचेवर खोलून साफ करावे लागते. रोज धावणाऱ्या गाडीला हे परवडणारे नाही.

आजचे खरे पर्याय दोन आहेत. पहिला सिंथेटिक ऑइलचा. हे कारखान्यात रासायनिक प्रक्रियेने घडविलेले असते, त्यामुळे उष्णतेत लवकर खराब होत नाही. अकोल्याचा पारा उन्हाळ्यात 45 अंशांच्या वर जातो, तेव्हा हा गुण उपयोगी पडतो. ते महाग आहे हे खरे, पण किंमत लिटरवर नव्हे, किलोमीटरवर मोजावी. अकोला-अमरावती रोज एक जाणे-येणे धरले तर सुमारे 200 किलोमीटर होतात. म्हणजे 5,000 किलोमीटरचे ऑइल 25 दिवसांत संपते, 10,000 चे 50 दिवस टिकते. दुप्पट किमतीतही हिशेब बरोबरीत येतो, शिवाय एक फिल्टर व एक खाडा वाचतो. मात्र मुदत गाडीच्या पुस्तकात असेल तेवढीच धरावी.

दुसरा पर्याय पुनर्शुद्ध ऑइलचा. ऑइल झिजून संपत नाही. त्यातील रसायने संपतात व घाण साचते. परवानाधारक कारखान्यात पाणी व इंधन काढून, निर्वात ऊर्ध्वपातन करून आणि नवी रसायने मिसळून त्याचे पुन्हा चांगले ऑइल बनविता येते. परंतु काळे ऑइल नुसते फडक्यातून गाळून सुट्या कॅनमध्ये विकणे म्हणजे पुनर्शुद्धी नव्हे, ती गिऱ्हाइकाची फसवणूक होय. चार पैसे वाचविण्याच्या नादात क्रँक धरला तर महिन्यांची कमाई जाते.

म्हणून डबा सीलबंद घ्या आणि त्यावरील अक्षरे वाचा. 20डब्ल्यू-40 मधील पहिला आकडा थंडीतील, दुसरा गरम इंजिनमधील घट्टपणा सांगतो. ‘एपीआय’पुढे एस असेल तर पेट्रोल, सी असेल तर डिझेल. मोटरसायकलला कारचे ऑइल घालू नये; क्लच घसरू शकतो.

आमच्या मिस्त्री बांधवांनाही दोन शब्द. ऑइल बदलण्याच्या फेऱ्या कमी होत आहेत आणि विजेवरच्या गाड्यांना तर इंजिन ऑइल लागतच नाही. यापुढे धंदा टिकेल तो विश्वासावर. गिऱ्हाइकासमोर सील फोडा, बदलीचे किलोमीटर लिहून द्या. काळे ऑइल नालीत सोडू नका. ते साठवून परवानाधारकालाच विका. 1 एप्रिल 2024 पासून वापरलेल्या तेलाच्या पुनर्वापराची जबाबदारी सरकारने ऑइल उत्पादक व आयातदारांवरही टाकली आहे. जी घाण वाटते, तिलाही मोल आहे.