चमत्कारालाही नियम हवा

कामगार संघटनेच्या कामात आयुष्य गेलेला माणूस जादूच्या गोष्टींवर बोलणार, हे ऐकून काही श्रोत्यांना हसू आले असेल. ते साहजिक आहे. परंतु करार कसा टिकतो आणि कसा मोडतो, हेच मी आजवर पाहत आलो. आणि अद्भुत कथा हा मला लेखक व वाचक यांच्यातील करारच वाटतो. वाचक म्हणतो, "तुझा माणूस आकाशात उडू दे, माझी हरकत नाही. पण एकदा ठरले ते ठरले."

घरातलेच उदाहरण घेऊ. मालू नरहरीचा 'नवनाथ भक्तिसार' 1819 सालचा. त्यात गोरक्ष संजीवनी मंत्र पाठ करीत बसला आहे. मुले येतात, चिखलाची गाडी मागतात. मग गाडीवानही हवा म्हणतात. हातात चिखल, ओठांवर मंत्र; आणि पुतळा जिवंत होतो! तोच गहिनीनाथ. मंत्रात ही शक्ती का आहे, याची फोड येथे नाही. तो कसा वागतो, एवढेच दिसते. म्हणणाऱ्याच्या मनात काय आहे, हे तो विचारीत नाही. म्हटला की फळतो. कारण गूढ राहिले तरी चालते, वागणूक मात्र गूढ राहून चालत नाही.

याच गोरक्षावर आणि त्याच्या गुरूवर 'प्रभात'ने 1932 साली आपल्या कोल्हापुरात 'मायामच्छिंद्र' हा बोलपट काढला. पडद्यावरची करामत कॅमेऱ्याची आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक असते. तरी तो रमतो. फसवणूक वेगळी आणि उघड कबूल केलेली माया वेगळी.

आता महाभारताकडे वळू. इंद्राने कर्णाची कवचकुंडले नेली आणि बदल्यात अमोघ शक्ती दिली. पण ती एकदाच वापरता येणार. येथे किंमत आहे आणि मर्यादाही आहे. कर्ण ती अर्जुनासाठी राखून ठेवतो. पुढे युद्ध रात्रीही चालू राहते. रात्री राक्षसांचे बळ वाढते, हा दुसरा नियम. घटोत्कच कौरवसैन्याची दाणादाण उडवितो आणि कर्णाला ती शक्ती त्याच्यावर टाकावी लागते. दोन नियम समोरासमोर आले आणि त्यांतून कर्णाचे मरण जवळ आले. व्यासांनी ती शक्ती आणखी एकदा वापरू दिली असती, तर कर्णाबद्दल आपल्याला काय वाटले असते?

जो लेखक जादू लिहू पाहतो, त्याने म्हणून चार प्रश्न स्वतःला विचारावेत. ही शक्ती काय घेऊन मिळते? ती कोठे थांबते? नायकाला आणि खलनायकाला तिचा कायदा एकच आहे काय? आणि चौथा प्रश्न माझ्या धंद्यातला: या शक्तीमुळे पोटापाण्याच्या व्यवहाराचे काय होते? मंत्राने कापड निघत असेल, तर इचलकरंजीचे माग कोण चालवील? दाणे हवेतून पडत असतील, तर नांगर कोण धरील? ज्या राज्यात मांत्रिक गल्लोगल्ली आहेत आणि तरी दुष्काळात माणसे उपाशी मरतात, तेथे लेखकाने कारण दिले पाहिजे. मंत्राला जबर मोल पडत असेल, किंवा तो मूठभरांनी कुलुपात ठेवला असेल. असे कारण शोधता शोधता कित्येकदा खरी कथा हाती लागते.

परदेशात 1974 साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ निघाला. तो आता आपल्याकडील तरुणही खेळतात. एकजण प्रसंग सांगतो, बाकीचे पात्रे होऊन उत्तर देतात, फासे निकाल देतात. त्याच्या जुन्या नियमांत जादूगाराने मोजके मंत्र आधी पाठ करून ठेवायचे असतात. मंत्र वापरला की तो स्मरणातून पुसला जातो. पुन्हा पाठ करावा लागतो. ही कल्पना जॅक व्हान्स या अमेरिकन लेखकाच्या कथांतून घेतलेली. कोणता मंत्र आता खर्चायचा, कोणता राखायचा? कर्णाचाच पेच! या खेळात सांगणाऱ्याने नियम वाकवला, तर भोवतालचे तिथल्या तिथे भांडतात. पुस्तकाचा वाचक भांडत नाही. तो मुकाट्याने पुस्तक मिटतो.

करार खरा की खोटा, हे सही करताना कळत नाही. एखादे कलम मालकाला जड जाते, त्या दिवशी कळते. कथेचेही तसेच. नायक संकटात आहे, नियम मोडला तर तो वाचेल, आणि तरीही लेखक नियम मोडत नाही, तेव्हा जादू खरी वाटते.

शेवटी एक कडू गोष्ट सांगतो. माझ्या ओळखीच्या एका कामगाराने मुलाच्या आजारपणात पगारामागून पगार एका बुवाच्या पायांवर ओतले. गुण आला नाही की बुवा म्हणे, "तुझी श्रद्धा कमी पडली." बुवाचा नियम असा, की बुवा कधी हरतच नाही. कर्णाची शक्ती एकदा वापरली की संपते, आणि महाभारत ते उघड सांगते. महाराष्ट्राने 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा केला, तो आवश्यकच होता. परंतु प्रत्येक चमत्काराला "तुझा नियम कोणता, आणि तो चुकला तर हरणार कोण?" असे विचारण्याची सवय मुलांना चांगल्या जादूच्या गोष्टींतूनही लागते. म्हणून त्या गोष्टी प्रामाणिकपणे लिहिल्या पाहिजेत.